दहापासून एकपर्यंत: टीव्हीसाठी विनोदी 'टॉप टेन' यादी कशी लिहावी

१८ सप्टेंबर १९८५ च्या रात्री अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर, 'लेट नाइट' या गप्पांच्या कार्यक्रमात, त्याचा निवेदक डेव्हिड लेटरमननं एक यादी वाचली. विषय होता 'पीज' या शब्दाशी जवळजवळ यमक जुळणाऱ्या दहा गोष्टी. यादीत 'राइस' होता, 'मॉस' होता, 'नर्स'सुद्धा होती. पहिल्या क्रमांकाचा मान मिळाला 'मीट्स'ला. यातला कुठलाच शब्द दुसऱ्यापेक्षा सरस नव्हता. 'मीट्स' पहिला का आणि 'नर्स' त्याच्या खाली का, याला काही उत्तरच नव्हतं. तरीही क्रम लावला होता आणि तो एखादा निकाल जाहीर करावा तसा उलट्या मोजणीनं वाचला गेला. त्या काळी अमेरिकन मासिकांमध्ये 'सर्वोत्तम अमुक', 'सर्वाधिक तमुक' अशा याद्यांचं पेव फुटलं होतं. लेटरमनच्या लेखकांनी त्याच सवयीची टर उडवली. ही कल्पना नेमकी कोणाची, यावर त्या लेखकांचं पुढेही एकमत झालं नाही. यादी मात्र वाहिनी बदलूनही टिकली आणि २० मे २०१५ ला, लेटरमनच्या शेवटच्या भागापर्यंत चालली.

हा प्रकार लिहायला सोपा वाटतो. दहा विनोद सुचले, पुढे आकडे घातले, झालं. अशा याद्या ढिगानं दिसतात आणि त्या तिसऱ्या-चौथ्या ओळीला बसतात. दहा वेगवेगळे विनोद एकाखाली एक लिहिले म्हणजे यादी होत नाही. यादी हा एकच विनोद असतो. शीर्षकात एक दावा केलेला असतो आणि तो दहा बाजूंनी, चढत्या वेगानं सिद्ध केला जातो. म्हणून लिहिण्याइतकीच मेहनत क्रम लावण्यात जाते. किंबहुना थोडी जास्तच.

पहिली पायरी: शीर्षक

नेहमीच्या विनोदात आधी मांडणी असते आणि मग तडाखा. यादीत मांडणी एकदाच होते, ती शीर्षकात. पुढच्या दहाही ओळी तडाखेच. त्यामुळे शीर्षक एका दमात वाचता आलं पाहिजे आणि ऐकणाऱ्याला लगेच कळलं पाहिजे. त्यात विनोद करू नका. शीर्षक जितकं सरळ, तितकं खालच्या ओळींना बागडायला मोकळं मैदान. 'बेशिस्त, आळशी आणि गबाळ्या शेजाऱ्याच्या दहा भन्नाट सवयी' या शीर्षकानं सगळी विशेषणं आधीच खर्चून टाकली. 'शेजारी घर सोडून जाणार आहे, हे ओळखण्याच्या दहा खुणा' हे चांगलं. यात माणूस आहे, परिस्थिती आहे आणि काहीतरी घडायचं बाकी आहे.

शीर्षकातलं नाम नीट निवडा, कारण पुढच्या सगळ्या ओळींचं व्याकरण तेच ठरवतं. 'खुणा' म्हटलं की बाहेरून दिसणाऱ्या कृती लिहायच्या. 'कारणं' म्हटलं की सबबी. 'वाक्यं' म्हटलं की फक्त कुणाच्या तरी तोंडचं बोलणं. लेखकाला सगळ्यात जास्त सूट 'खुणा' देतात, कारण त्यात कृती, संवाद आणि दृश्य तिन्ही बसतं. 'वाक्यं' प्रकारात पहिल्या चार ओळी झकास जमतात, मग सगळ्यांचा सूर एकच होऊ लागतो. नवशिक्यांनी 'खुणा'पासून सुरुवात करावी.

विषय चालेल की नाही याची एक चाचणी आहे. शीर्षक लिहा आणि पाच मिनिटांत सुचेल ते खरडा. दहा-बारा ओळी सहज आल्या तर विषयात दम आहे. चारच आल्या आणि चारही एकाच गोष्टीभोवती फिरत असतील, तर तो एका सुट्या विनोदाचा विषय आहे, यादीचा नव्हे. त्याला ताणू नका.

या लेखासाठी मी हे शीर्षक घेतलं आहे: 'टीव्हीवरचा हवामान निवेदक वैतागला आहे, हे ओळखण्याच्या दहा खुणा'. लेटरमन स्वतः १९७० च्या दशकात इंडियानापोलिसच्या एका केंद्रावर हवामान सांगायचा. एका वादळाला चक्रीवादळाचा दर्जा मिळाला तेव्हा त्यानं त्या वादळाचं अभिनंदन केल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. म्हणजे विषयाला मूळ घराणंही आहे.

दुसरी पायरी: भरपूर लिहा, निर्दयपणे गाळा

दहा हव्यात म्हणून दहा लिहू नका. चाळीस लिहा. पहिल्या पंधरा ओळी जगात कुणालाही सुचतील अशाच असतात, त्या डोक्यातून बाहेर काढल्याशिवाय पुढच्या येत नाहीत. दोघं-तिघं मिळून लिहीत असाल तर आधी प्रत्येकानं एकट्यानं लिहावं, मग कागद एकत्र करावेत. सुरुवातीपासून एकत्र बसलं की सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्याच्याच ओळी उरतात.

गाळताना माझ्या यादीतून काय गेलं ते सांगतो. 'त्याचा अंदाज रोज चुकतो' ही ओळ पहिली गेली. हवामानाचा अंदाज चुकणं हा घासून गुळगुळीत झालेला विनोद आहे, आणि मुख्य म्हणजे शीर्षकाशी त्याचा संबंध नाही. अंदाज चुकणं ही वैतागाची खूण नव्हे. 'ढगांना शिव्या घालतो' हीही गेली. यात वैताग थेट सांगून टाकला, प्रेक्षकाला ओळखायला काही शिल्लक ठेवलं नाही. 'मायक्रोफोन खातो' ही वेडेपणाची खूण झाली. वैतागलेला माणूस मायक्रोफोन खात नाही, तो खाली ठेवतो.

म्हणजे प्रत्येक ओळीला दोनच प्रश्न विचारायचे. ही ओळ शीर्षकातला दावा सिद्ध करते का? आणि ती सरळ न सांगता, काहीतरी दाखवून सिद्ध करते का? ज्या ओळीला दोन्हीकडे 'हो' मिळेल तीच ठेवा. फार गमतीशीर पण विषयाबाहेरची ओळ हातून सोडवत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सोडा. तिला वेगळ्या यादीत जागा मिळेल.

तिसरी पायरी: मराठी वाक्याचा शेवट

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि मराठीत यादी लिहिणाऱ्यानं घालवलाच पाहिजे. विनोदाचा शब्द ओळीच्या अगदी शेवटी यावा, हा नियम सगळीकडे सारखाच आहे. त्या शब्दावर हशा येतो आणि त्यानंतर उच्चारलेला प्रत्येक शब्द हशाखाली चिरडतो किंवा हशाच मारतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'असं म्हणतो', 'असं सांगत असतो', 'करत असल्याचं दिसतं' ही सगळी शेपटं बरोबर त्या जागी येऊन बसतात जिथे शांतता हवी.

ही ओळ बघा:

'उद्याचा दिवस सोमवार आहे असं एकच उत्तर तो अंदाज विचारल्यावर देत असतो.'

कल्पना बरी आहे, पण 'सोमवार' वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन गेला आणि मग वाक्य नुसतं रेंगाळलं. आता हे:

'उद्याचा अंदाज विचारला की एकच उत्तर: सोमवार.'

क्रियापद गेलं, 'असं' गेलं, आणि शेवटचा शब्द मोकळा झाला. मराठीत यासाठी काही हुकमी वाटा आहेत. क्रियापद गाळता येतं, आणि यादीच्या तुटक भाषेत ते खटकत नाही. एका वाक्याची दोन वाक्यं करता येतात: पहिलं पूर्ण, दुसरं दोनच शब्दांचं. 'आकाश निरभ्र राहील असं सांगताना त्यानं रेनकोट घातलेला असतो' याऐवजी 'आकाश निरभ्र राहील म्हणतो. अंगात रेनकोट.' तिसरी वाट म्हणजे कुणाच्या तोंडचं वाक्य सगळ्यात शेवटी ठेवायचं आणि 'म्हणतो' त्याच्या आधी आणायचं. बोलीभाषेत आपण हे रोज करतो: 'तर मला म्हणतो कसा, बघू नंतर.' लिहायला बसलो की मात्र आपण शाळेतल्या निबंधासारखं 'असे तो म्हणाला' करून टाकतो.

प्रत्येक ओळ लिहून झाली की शेवटचा शब्द अधोरेखित करा. दहापैकी सहा ओळी 'असतो', 'करतो', 'होतं' यांवर संपत असतील, तर यादी अजून कच्ची आहे.

लांबीचंही बघा. बोलून दाखवायच्या ओळीला बारा-पंधरा शब्द पुरे. पण सगळ्या ओळी एकाच मापाच्या नकोत. दोन लांब ओळींनंतर एक चार शब्दांची आली की ती आपोआप उठून दिसते.

चौथी पायरी: क्रम

आता खरं लेखन. माझी यादी शेवटी अशी बसली:

१०. पावसाची शक्यता किती, असं विचारलं की म्हणतो, 'तुम्हाला किती हवी?'
९. सात दिवसांचा अंदाज चौथ्या दिवशी थांबतो. 'पुढचं पुढे बघू.'
८. नव्या चक्रीवादळाला परस्पर साडूचं नाव.
७. नकाशावर हात फिरवायचं सोडून नुसती हनुवटी उडवतो.
६. कमाल तापमान आज सांगतो. किमान उद्या.
५. आर्द्रतेचा आकडा येताच खिशातून रुमाल.
४. उपग्रहाचं छायाचित्र मागितलं, तर दाखवतो सुट्टीतले फोटो.
३. साडू किनाऱ्याला न धडकताच विरला, हे जाहीर करताना चेहऱ्यावर घोर निराशा.
२. आकाश निरभ्र राहील म्हणतो. अंगात रेनकोट.
१. उद्याचा अंदाज विचारला की एकच उत्तर: सोमवार.

दहाव्या ओळीचं काम प्रेक्षकाला आत घेणं. ती सगळ्यात हुशार असण्याची गरज नाही, पण सगळ्यात स्पष्ट हवी. ती ऐकून प्रेक्षकाला खेळ समजला पाहिजे: हा माणूस वैतागला आहे, पण काम सोडत नाही, अर्धवट करतो. इथे कोड्यात टाकणारी ओळ ठेवली तर पुढच्या तीन ओळी ती समजून घेण्यातच जातात.

आठवी ओळ फक्त तिसरीसाठी पेरलेली आहे. साडूचं नाव एकदा ऐकून प्रेक्षक हसतो आणि विसरतो. चार ओळी मध्ये गेल्यावर साडू परत येतो आणि आता नुसतं नाव घेतलं तरी हशा येतो, कारण मधल्या काळात वादळाचा पूर्ण प्रवास होऊन गेलेला असतो. पेरणी आणि कापणी यांत निदान तीन ओळींचं अंतर ठेवा. ते कमी असेल तर पुनरुक्ती वाटते. आणि एका यादीत हे एकदाच करा. दोनदा केलं की प्रेक्षक तिसऱ्याची वाट बघत बसतो.

मधल्या सात-सहा-पाच ओळी लहान आहेत, त्या मुद्दाम. यादीचा मधला भाग हा घसरणीचा भाग असतो. सुरुवातीचं नावीन्य संपलेलं असतं आणि शेवट अजून दूर असतो. इथे वेग वाढवायचा. तुमच्या सगळ्यात कमजोर ओळीची जागाही हीच, सहावी किंवा सातवी, जिथे ती चटकन निघून जाईल. पाचवी ओळ सगळ्यांना लगेच कळेल असं नाही. ज्यांना कळेल ते खूश, बाकीच्यांना चौथी मिळतेच आहे.

आता पहिल्या क्रमांकाबद्दल. बहुतेक लोक सगळ्यात जोरदार विनोद तिथे ठेवतात. मी तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिल्या क्रमांकाआधी ड्रम वाजतो, प्रेक्षक आधीच टाळ्यांच्या तयारीत असतो, अपेक्षा आभाळाला भिडलेली असते. त्या गलबल्यात लांब किंवा नाजूक ओळ वाहून जाते. तिथे छोटी, खणखणीत, एका शब्दावर संपणारी ओळ हवी, जिच्यावर दार बंद होईल. 'रेनकोट' हे माझ्या मते या यादीतलं सगळ्यात चांगलं चित्र आहे, म्हणून ते दुसरं. 'सोमवार' हा निकाल आहे, म्हणून तो पहिला. अर्थात ही यादी रविवारीच वाचायची. बुधवारी वाचायची असेल तर पहिली ओळ नवी लिहावी लागेल.

क्रम ठरवताना कागदाचे दहा कपटे करा, प्रत्येकावर एक ओळ, आणि टेबलावर हलवत बसा. पडद्यावर ओळी वरखाली करण्यापेक्षा हे फार सोपं जातं, कारण आकडे न दिसता फक्त ओळींची शेजारशेजारची नाती दिसतात. शेजारी दोन संवाद आले? हलवा. सलग तीन ओळींचा शेवट सारखा? हलवा.

दहाच का?

गाण्यांची लोकप्रियता उलट्या क्रमानं मोजणारे रेडिओ कार्यक्रम या प्रकाराच्या आधीपासून लोकांच्या कानात मुरलेले होते. अमेरिकेत केसी केसमचा 'अमेरिकन टॉप फोर्टी' ४ जुलै १९७० ला सुरू झाला, आणि त्यात चाळीसपासून एकपर्यंत यायचे. उलटी मोजणी सुरू झाली की शेवटी काहीतरी मोठं येणार, हे ऐकणारा न सांगता गृहीत धरतो. विनोदी यादी त्याच गृहीतकावर उभी असते. दहा ओळींत ती ओढ तयार व्हायला पुरेसा वेळ मिळतो. पाच ओळींची यादीही चालते, विशेषतः छोट्या व्हिडिओसाठी, पण तिच्यात पेरणी-कापणीला जागा उरत नाही. पंधरा ओळी कुणी ऐकत नाही.

आकड्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि सादर करणाऱ्यानं तो ओळखायला हवा. आकडा म्हणजे विश्रांती. एका ओळीवरचा हशा ओसरत असताना 'क्रमांक सात' म्हटलं की प्रेक्षक श्वास घेतो, पाटी कोरी होते आणि पुढची ओळ स्वच्छ ऐकू येते. एखादी ओळ पडली, कुणीच हसलं नाही, तरी आकडा गाडी पुढे ढकलतो. सुट्या विनोदांमध्ये पडलेला विनोद सावरायला काही आधार नसतो. यादीत तो आधार आयता मिळतो. अमेरिकेतलाच दुसरा विनोदी निवेदक कोनन ओब्रायन याच्या कार्यक्रमातल्या 'इन द इयर २०००' या भागात क्रमांक नव्हते, तर दर ओळीआधी 'इन द इयर २०००' हेच शब्द सुरात म्हटले जायचे. त्यांचं काम तेच: मधली झाडलोट.

पाचवी पायरी: खोटा दरारा

यादीचा मजकूर जितका उथळ, तितका तिचा थाट गंभीर हवा. लेटरमनच्या कार्यक्रमात यादी जणू दूरच्या मुख्य कार्यालयातून आली आहे, अशी घोषणा व्हायची. ते काल्पनिक कार्यालय वेळोवेळी वेगवेगळ्या गावांत असायचं, आणि नंतरची बरीच वर्षं ते नेब्रास्का राज्यातल्या वाहू नावाच्या छोट्या गावात होतं. मग पडद्यावर आकडे, हातात निळी कार्डं, पहिल्या क्रमांकाआधी अँटन फिगचा ड्रम. वाचून झालेलं कार्ड मागच्या खिडकीकडे भिरकावलं की काच फुटल्याचा आवाज यायचा.

या थाटाची किंमत किती, ते १९९३ मध्ये दिसलं. लेटरमन एनबीसी सोडून सीबीएसवर गेला तेव्हा यादीसारखे भाग आपली बौद्धिक संपदा असल्याचा दावा एनबीसीनं केला. नव्या वाहिनीवर ती 'लेट शो टॉप टेन' या नावानं सुरू राहिली. ३० ऑगस्टच्या पहिल्याच भागात एनबीसीचे वृत्तनिवेदक टॉम ब्रोकॉ मंचावर आले आणि दोन विनोद एनबीसीची मालमत्ता म्हणून उचलून घेऊन गेले.

तुमच्याकडे बँड नसला तरी हरकत नाही. एक ठरलेलं वाक्य, एक ठरलेला आवाज आणि आकडा दाखवायची एक ठरलेली पद्धत एवढं पुरतं. ते दर वेळी तंतोतंत तसंच करा. तीन-चार भागांनंतर ते वाक्य ऐकताच प्रेक्षक सावरून बसतो आणि तुमची दहावी ओळ अर्ध्या वाटेवर आधीच पोचलेली असते.

सहावी पायरी: वाचायचं कुणी?

निवेदकानं वाचायची असेल तर त्याला ओळींच्या मध्ये बोलायची मुभा ठेवा. लेटरमन पडलेल्या ओळीवर तोंड वाकडं करायचा, बँडप्रमुख पॉल शॅफरशी दोन शब्द बोलायचा, आणि कित्येकदा हशा त्या बोलण्यावर यायचा. फक्त हे मधलं बोलणं लिहून देऊ नका. ते लिहिलेलं लगेच कळतं.

पाहुण्यांनी वाचायची असेल तर सगळं बदलतं. आता प्रत्येक ओळ त्या माणसाच्या तोंडी शोभायला हवी. लेटरमनच्या शेवटच्या भागात दहा ओळी दहा जणांनी वाचल्या. स्टीव्ह मार्टिन, जेरी साइनफेल्ड, टीना फे, बिल मरे असे लोक रांगेत उभे होते आणि विषय होता 'डेव्हला मला नेहमी सांगायचं होतं ते'. अशा यादीत ओळ आधी आणि माणूस नंतर, असं करून चालत नाही. आधी माणूस ठरवा, लोक त्याला कशासाठी ओळखतात ते लिहा आणि त्यातून ओळ काढा. खेळाडू, शास्त्रज्ञ, अधिकारी अशा विनोदाची सवय नसलेल्या माणसांना हसवून वाचायला सांगू नका. त्यांनी सपाट आवाजात, जाहीरनामा वाचावा तशी वाचली तर ओळ दुप्पट चालते.

तालीम मात्र मोठ्यानं करा, आणि ज्यानं यादी लिहिलेली नाही अशा एकासमोर करा. तो कुठे हसतो यापेक्षा कुठे कपाळाला आठी घालतो ते बघा. तिथे शब्द अवघड आहे किंवा वाक्य उलटं आहे. साधारण तीन मिनिटांत सगळं आटोपलं पाहिजे. पहिला क्रमांक वाचून झाला की थांबा. 'तर मंडळी, अशी ही आजची यादी' वगैरे काही नको. ठरलेला आवाज, ठरलेली सलामी आणि पुढचा भाग.

उरलेल्या तीस ओळी फेकू नका. त्या तारीख घालून एका वहीत ठेवा, आणि प्रत्येकीपुढे ती का गाळली ते लिहा: विषयाबाहेर, फार लांब, दुसरीसारखीच. 'विषयाबाहेर' हा शेरा असलेल्या ओळी महिन्यातून एकदा वाचून काढा. त्यांतल्या तीन-चार एकाच दिशेनं बोट दाखवत असतील, तर पुढच्या यादीचं शीर्षक तुमच्या हाती आलेलं आहे.